अंडोऱ्याचं दार

१

दुपारचे दोन वाजले असतील. गोजरबाई ओट्यावर पाय पसरून वर्षभराच्या चटणीसाठी लाल मिरच्यांची देठं मोडत बसली होती, आणि तिच्या पाठीमागे घरात दार लागलं.

"कोन हाय रं?" तिने मान न वळवताच विचारलं. आणखी मूठभर मिरच्या झाल्या, आणि मग तिचा हात जागच्या जागी थांबला. दार लागलं खरं, पण या घराला दार होतंच कुठे?

शिंगणापूरच्या घरांना दारं नसतात, हे आता सगळ्या जगाला ठाऊक झालंय. माणसं गाड्या करकरून बघायला येतात. चौकट असते, उंबरा असतो, आडोशाला पडदा असतो, फार तर कुत्रं शिरू नये म्हणून कुणी फळी टेकवून ठेवतं. हल्ली नव्या बांधकामांत कुठे कुठे दारं दिसायला लागलीत आणि ती बघून गोजरबाईच्या कपाळाला आठ्या पडतात. तिचं माहेर कोपरगावकडचं. लहानपणी ती उलट बोलली, आणि ती रोजच उलट बोलायची, की बाप तिला धान्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचा. लग्न होऊन इथे आली तेव्हा उघड्या घरात पहिले आठ दिवस तिचा डोळा लागला नव्हता. पुढच्या चव्वेचाळीस वर्षांत मात्र तिच्यावर कुणी दार लावलं नाही, आणि या गोष्टीचा तिला कोण अभिमान! जन्माने इथल्या असलेल्या माणसांना नसेल एवढा.

ती उठली. मधल्या खोलीचा पडदा बाजूला करून आत डोकावली. खोली होती तशी होती. बाज, कपाट, मागच्या भिंतीवर नवऱ्याचा जगाचा नकाशा. शेजारच्या स्वयंपाकघरात मांजर झोपलेलं.

आवाज तिने नीट ऐकला होता. आधी लाकूड लाकडावर बसल्याचा जाड आवाज, मग लोखंडी कडी खाली पडल्याचा बारीक. तिला तो नुसता ऐकू आला नव्हता, ओळखूही आला होता. कुठल्या दाराचा ते तिला पक्कं माहीत होतं, आणि ते दार इथून हजारो मैलांवर होतं.

"विमानानं कान बसल्यात माझं," ती मांजराला म्हणाली आणि पुन्हा मिरच्यांना लागली.

२

परदेशातून येऊन तिला चारच दिवस झाले होते.

तिचे यजमान रंगनाथ मास्तर. पस्तीस वर्षं त्यांनी सोनईच्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि स्वतः कधी बेळगावच्या पलीकडे गेले नाहीत. त्यांना वेड होतं चिमुकल्या देशांचं. मोठा देश कुणालाही बघून संपत नाही, पण छोटा देश माणूस पायी चालून पुरा करू शकतो, असं त्यांचं म्हणणं. मुलगी धनश्री नोकरीला बार्सिलोनात गेली, तेव्हा पोरीच्या पगाराआधी मास्तरांनी नकाशा काढला आणि तिथून तीन तासांच्या बसवर अंडोरा आहे हे तिला सांगितलं. मे महिन्यात तिने दोघांना आठ दिवस तिथे नेलं.

"आपल्या नेवासा तालुक्यात असे जवळजवळ तीन देश मावतील," मास्तर बसमधून उतरताना म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. विमानतळ नाही, रेल्वे नाही, चारी बाजूंना डोंगर आणि मे महिन्यातही त्यांच्या माथ्यावर बर्फ. मास्तर लहान मुलाच्या वरताण झाले. सकाळी टोपी घालून निघायचे ते संध्याकाळी परतायचे, आणि आज अमुक गाव चालून आलो, उद्या तमुक राहिलंय, असं जेवताना सांगत बसायचे. गोजरबाईला त्यांना असं बघून बरं वाटलं. ते घर मात्र तिला अजिबात रुचलं नाही.

दगडी घर होतं. पूर्वी त्यात म्हणे तंबाखू वाळवायचे, आता पाहुण्यांना भाड्याने देतात. खाली घराची मालकीण, ऐंशीला टेकलेली म्हातारी, आणि वर हे तिघं. वर पाच दारं. प्रत्येक दार आपोआप बंद व्हायचं. पहिल्याच दिवशी गोजरबाईने घरभर फिरून सगळी दारं उघडली आणि फटीत चपला, पिशव्या, बटाटे, जे हाताला लागलं ते अडकवून ठेवलं.

"आई, इथे थंडी असते, दारं लावतात," धनश्री म्हणाली.

"थंडीला सोटर हाय. मी कोंडवाड्यात बसायला आले न्हाई."

चार दारांना कुणाची हरकत नव्हती. पाचवं, बोळकांडीच्या शेवटी असलेलं बुटकं दार, त्याला बाहेरून लोखंडी कडी. ते उघडलेलं दिसलं की म्हातारी गुडघे धरत जिना चढून यायची आणि लावून जायची. लाकूड, मग लोखंड. गोजरबाई पुन्हा उघडायची. आत काही नव्हतं. फळ्यांची जमीन, कौलाशी एक झरोका, त्यातून दिसणारा डोंगर, जुन्या तंबाखूचा वास. तिसऱ्या दिवशी म्हातारीने धनश्रीच्या मोबाईलपुढे काहीतरी सांगितलं आणि मोबाईलने ते मराठीत उलथंपालथं करून दिलं. धनश्रीने वाचून दाखवलं, "ती म्हणतेय, ते बंदच राहू दे. पलीकडे काही नाही."

"काय न्हाई, तर मग कडी कुनाला घातलीय?"

हे धनश्रीने मोबाईलला सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी गोजरबाईने रीतीप्रमाणे म्हातारीचा निरोप घेतला. आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं, आणि वर 'तुम्ही पण या' असं बोलावणं करायचं. समोरचा येणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. मग दारात अडकवलेली चप्पल राहिली म्हणून ती एकटीच वर गेली. पाचव्या दाराशी वाकून चप्पल काढताना तिला त्या खोलीची दया आली, आणि म्हातारीची थोडी खोडी काढावीशीही वाटली.

"येते बरं का," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "लई कोंडलंय बाईनं तुला. ये कवा तरी आमच्याकडं. आमच्या घराला दार न्हाई, कुनी आडवनार न्हाई तुला."

आतली एक फळी कुरकुरली, बसलेलं माणूस उठल्यावर कुरकुरते तशी. मग चप्पल निघाली म्हणून दार आपल्या वजनाने लागलं आणि कडी पडली. खाली टॅक्सी थांबली होती. गोजरबाई जिना उतरून गेली.

३

दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. रोज दुपारी दोनच्या आसपास, मधल्या खोलीकडून.

गोजरबाई सोनईला जाऊन डॉक्टरला कान दाखवून आली. त्याने मळ काढला, थेंब दिले आणि विमानप्रवासाने असं होतं म्हणाला. तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा हवं तर. कान नीट साफ झाल्याने दुसऱ्या दिवशी आवाज आणखी स्वच्छ ऐकू आला.

त्याच दिवशी तिने मास्तरांना चहाला हाक मारली. ते मधल्या खोलीत पेपर वाचत होते. एक हाक, दुसरी, तिसरी. शेवटी चिडून तिने पडदा ओढला.

"कवाच्यान वरडतेय! कान फुटलं का?"

मास्तर बाजेवर बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "मीच तुला हाका मारतोय केव्हाच्या," ते म्हणाले. "तू दार लावून घेतलंस, म्हटलं कामात असशील."

"कुठलं दार?"

मास्तरांनी चौकटीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि ते ओशाळून हसले. "खरंच की. डोळा लागला असेल."

माणूस म्हातारा होतो, दुपारी पेंगतो, झोपेत बरळतो. गोजरबाईने तसं स्वतःला समजावलं. पण पडदा धरलेला तिचा हात गार पडला होता. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आणि खोलीतून येणारी हवा हिवाळ्यातल्या पहाटेसारखी. पंखा तर बंदच होता.

संध्याकाळी समोरची छबूबाई विरजण मागायला आली. छबूबाई ही तिची चुलत जाऊ. चाळीस वर्षांत ती या घरात विचारून कधी आली नव्हती. बोलत बोलतच शिरायची, निम्मं बोलणं रस्त्यावर आणि निम्मं चुलीपाशी. त्या दिवशी ती मधल्या खोलीसमोरून जाता जाता थबकली, पदर सावरला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "वैनी, मास्तर निजल्यात व्हय?"

"न्हाई. का गं?"

"न्हाई, लावून घेतलंय म्हनून म्हनलं." बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. तिने पडद्याकडे पुन्हा बघितलं आणि विरजण न घेताच ती घरी गेली.

म्हणजे कानाचा दोष नव्हता. गोजरबाईने थेंबांची बाटली उचलून उकिरड्यावर भिरकावली.

४

पडदा काढून टाकला. निदान दिसेल तरी काय होतंय ते.

दोन वाजता मास्तर आत बसलेले होते आणि ती बाहेर ओट्यावर, दोघांच्या मध्ये चार हातांचं अंतर. आवाज झाला. दिसलं काहीच नाही. मास्तर तसेच बसलेले, पण त्यांचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. त्यांनी तिच्याकडे बघितलं. खरं तर तिच्याकडे नाही, तिच्या पुढे एक हातावर जे काही होतं त्याच्याकडे बघितलं. मग उठून आले आणि चौकटीत, नुसत्या हवेवर, तळहात टेकून उभे राहिले. तळहाताचं मांस दाबलं गेलेलं तिला स्पष्ट दिसलं.

ती धावतच आत शिरली. तिला काहीच आडवं आलं नाही. उंबरा ओलांडला आणि त्यांचा आवाज एकदम कानात आला, घोगरा झालेला.

"आज फार वेळ लावलास गं."

"आत्ता तर लागलं! घोटभर पानी प्याला येळ लागतो तेवढाबी झाला न्हाई!"

मास्तरांनी मान हलवली. त्यांचा आवाज बसला होता आणि गालांवर खुंट वाढलेले होते. सकाळीच दाढी केली होती त्यांनी. "आतून कडी नाही त्याला," ते हळूच म्हणाले. "मी सगळं चाचपून बघितलं."

गोजरबाई रडली नाही. तिला राग आला. लहानपणी धान्याच्या खोलीत बसून यायचा तोच, पोटातून वर चढणारा राग. तिने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं, बाज ओढून ओट्यावर टाकली आणि बजावलं, "आजपासनं त्या खोलीत पाय ठेवायचा न्हाई. सांगून ठिवते."

दोन दिवस मास्तरांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गाईला पाणी पाजून आली तर ओट्यावरची बाज रिकामी. मास्तर आत, मधल्या खोलीत, खुर्चीवर, अंगावर शाल. तोंड नकाशाच्या भिंतीकडे.

"ऊन लागत होतं," ते म्हणाले. "इथे बरं वाटतं. तीच हवा आहे बघ इथे, तिकडची."

"तुमाला भ्या वाटत हुतं ना? त्या दिशी कोन हाका मारत हुतं?"

"वाटतं की. पहिल्यांदा वाटतं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "मग डोंगर दिसतो. थोडा उरलाय माझा चालायचा."

भिंतीवर नकाशाच होता. पण मास्तरांच्या डोळ्यांत उजेड पडलेला दिसत होता, पांढरा, बर्फावरून येतो तसला. आणि त्यांच्या खुर्चीमागे जमिनीच्या फरशीतून, जिथे एकही लाकडी फळी नव्हती, कुणीतरी पाय बदलल्याची कुरकुर झाली.

गोजरबाईने मागे काय आहे ते बघितलं नाही. आधी नवऱ्याला बाहेर ओढलं.

५

"थोडं दिस पुन्याला पाव्हन्यांकडं चला दोघं," मुलगा गोरक्ष म्हणाला. तो घरची शेती आणि दुधाचा टेम्पो बघायचा, दुपारचा घरी नसायचा. आईने सांगितलेलं त्याला पटलं नव्हतं, पण वडील दिवसेंदिवस वाळत चाललेत हे त्याला दिसत होतं. "न्हाईतर मी सोनईच्या सुताराला आनतो. चांगलं दार बसवू त्या चौकटीला. आपलं दार असलं म्हंजी आपल्या हातात असतंय. लावायचं तवा लावू, उघडायचं तवा उघडू."

"या घराला दार?" गोजरबाई कडाडली. "माझ्या जिवात जीव हाय तवर न्हाई."

"मग करायचं काय, आई?"

ते तिलाही माहीत नव्हतं. पुण्याला नेलं तर तिथे फ्लॅटला दारंच दारं. शिवाय मास्तर गाडीत बसायलाच तयार नव्हते. काहीतरी कारण काढायचे, पायात गोळा आला म्हणायचे, आणि वळून बघेतो मधल्या खोलीत जाऊन बसलेले असायचे. रोज थोडे लवकर जायचे आणि रोज थोडे उशिरा, थोडे म्हातारे होऊन बाहेर यायचे. नखं वाढलेली. एकदा तर धोतराला चिखल होता, ओला, आणि त्यात शिंगणापुरात कुठेच न मिळणारं हिरवं गवत.

त्या संध्याकाळी धनश्रीचा व्हिडिओ कॉल आला. वडिलांना बघून तिचा चेहरा पडला. मग इकडचं तिकडचं बोलत ती म्हणाली, "आई, त्या घरमालकीणबाईंचा मेसेज आला होता. मला काही नीट लागला नाही. ते वरचं शेवटचं दार आता उघडंच राहतं, लावायला लागत नाही म्हणे. तुला आभार सांगितलेत. आणि खाली लिहिलंय, तुमच्या आईला म्हणावं, माझे यजमान असेच गेले."

गोजरबाईने मोबाईल गोरक्षच्या हातात दिला आणि चुलीपाशी जाऊन बसली. पार घाबरली होती ती. तिने चार शब्द गोड बोलून जे घरी बोलावलं होतं, ते पाहुणचाराला आलेलं नव्हतं.

मग भाकरीचं पीठ मळायला घेतलं, आणि मळता मळता तिच्या मनाशी पक्कं झालं. बोलावणं तिचं होतं. मास्तरही तिचेच होते. दार मात्र तिचं नव्हतं, आणि ते तिच्या घरात लागायचं काही कारण नव्हतं.

६

उंबऱ्यावर बसू नये हे लहान पोरीलाही माहीत असतं. गोजरबाईने स्वतः कितीतरी जणींना हाताला धरून उठवलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, मास्तर सवयीने मधल्या खोलीत गेले, आणि तिने पदर कमरेला खोचून उंबऱ्यावरच बैठक मारली. अशी तशी नाही, आडवी. पाठ चौकटीच्या एका बाजूला, दोन्ही टाचा दुसऱ्या बाजूला.

"आई, ह्ये काय?" गोरक्ष ओट्यावरून म्हणाला.

"मिरच्यांची पाटी दे हिकडं. आन तिथंच थांब."

तिने देठं मोडायला घेतली. आत मास्तर खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर. गार हवा तिच्या उजव्या अंगाला लागत होती, डाव्या अंगाला ऊन. दोन वाजले.

आवाज आला नाही. त्याऐवजी ओट्याच्या बाजूने काहीतरी येऊन तिच्या दंडाला टेकलं, मग मांडीला, मग घोट्याला. लाकूड. खरखरीत, गार. डोळ्यांना नुसती हवा दिसत होती आणि हवेपलीकडे गोरक्ष. तिने पाटी खाली ठेवली.

मग त्याने जोर केला. तिच्या बरगड्या कळवळल्या. लुगड्याची कड अंगाला चिकटून दबली, आणि ते गोरक्षलाही दिसलं असावं, कारण तो "आई!" म्हणून पुढे झाला आणि थांबला. गोजरबाईने पाठ चौकटीत रोवली. चव्वेचाळीस वर्षं ऊस बांधलेली पाठ होती ती.

"लाव की," ती दातावर दात दाबून म्हणाली. "लावून दाखव."

तिच्या पायांच्या वर, दाराची कड असायला हवी तिथे, आतल्या बाजूने चार बोटांची पेरं वळलेली होती. लांब पेरं, मातकट. दार ओढून घेत होती. मास्तरांचे दोन्ही हात अजून मांडीवरच होते.

ते तिने बघितलं आणि नजर काढून मास्तरांकडे वळवली. "अवो! या भाईर."

"तूच ये की आत," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. "आज आभाळ मोकळं आहे."

"आठ दिस बघितला डोंगर. चांगला हाय, न्हाई कोन म्हनतंय? पर सुट्टी संपली, मास्तर. घरी या." तिने उजवा हात आत लांब केला. "तुमच्याबिगर मला करमायचं न्हाई. या म्हनते ना!"

एवढं उघड ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. पेरं दिसेनाशी झाली. आत काळवंडून आलं, ढग आल्यासारखं, आणि त्या अंधारात कुणीतरी उठलं. बर्फासारखा गार हात तिच्या हातात आला. तिने तो घट्ट धरून ओढला, आणि मास्तर तिच्या पायांवरून ओलांडून ओट्यावर आले. गोरक्षने त्यांना धरलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

गोजरबाईने श्वास सोडला. आता उठायचं, एवढंच उरलं होतं.

मास्तर ओट्यावर उभे होते. त्यांनी अंगण बघितलं, गाय बघितली, लिंबाचं झाड बघितलं, गोरक्षला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग बाजेकडे हात करून ते अदबीने म्हणाले, "बसू का इथे?"

"बसा की अण्णा, इचारता काय!" गोरक्ष हसला.

गोजरबाई उठता उठता तशीच राहिली.

"धनाच्या आई," आतून आवाज आला. घोगरा, दमलेला. "अगं, मला उठवत नाही. हात दे जरा."

तिने आत बघितलं. अंधारात खुर्चीवर शाल होती, कुणी पांघरून बसावं तशी उभी. त्याहून जास्त दिसलं नाही.

"गोरक्ष, ऐकलंस?"

"काय?"

गोरक्षला ऐकू गेलं नव्हतं. ओट्यावरच्या मास्तरांनी मात्र मान खाली घातली.

गोजरबाईला भीती वाटली. आयुष्यात वाटली नव्हती एवढी. बाहेर चेहरा तोच, आत आवाज तोच, आणि दाराचा भार आता दुप्पट झालेला. ती उठली की ते लागणार होतं, कडी पडणार होती, आणि मग आत कोण राहिलं हे तिला कधीही कळलं नसतं. माहेरच्या त्या खोलीत ती लहान होती, बाहेर तिच्यासाठी बसून राहणारं कुणी नव्हतं. मास्तरांना होतं.

"गोरक्ष, ह्यांना चहा दे," ती म्हणाली. "पाव्हन्याला देतात तसा, ताटलीत ठिवून. आन त्यांच्याजवळनं हालू नको. छबूला हाक मार, म्हनावं माझ्याबरूबर उंबऱ्यावर बसायचंय, लागल तितकं दिस."

"आई, अण्णा आल्यात भाईर. ऊठ आता."

"सांगितलं ते कर."

मग ती आत वळली. "अवो, येतंय मला ऐकू. बोलत ऱ्हावा. काय बी बोला, देशांची यादी म्हना. मी हितनं उठत न्हाई."

आतून खोकल्याचा आवाज झाला आणि यादी सुरू झाली, हळूहळू, शाळेत म्हणायचे त्या चालीवर. ओट्यावरच्या मास्तरांचेही ओठ त्याबरोबर हलायला लागले.

"हलवा ओठ," गोजरबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "माझा कोनता ते मी ठरवीन, आन माझ्या येळेनं ठरवीन. तवर ह्ये लागनार न्हाई."

दाराने पुन्हा जोर केला. तिने टाचा चौकटीत रोवल्या आणि हात आणखी आत घातला.